आंब्याच्या पेटीवरची मुलगी

आमच्या औषधांच्या दुकानाला काचेचा दरवाजा आणि एसी बसवायचं ठरलं, तेव्हा माझ्या नवऱ्याने सगळ्यांत आधी माळा रिकामा करायला काढला. दुकान माझ्या सासऱ्यांनी सुरू केलेलं. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्यांनी जपलेलं सामान माळ्यावर तसंच होतं. टॉनिकच्या कंपन्यांनी दिलेली कॅलेंडरं, बामच्या जाहिरातीचे इनॅमलचे पत्रे, गुटगुटीत बाळांची पोस्टरं, खोकल्याच्या गोळ्यांच्या बरण्या, सगळं सुतळीने नीट बांधून ठेवलेलं. नवऱ्याने ते गड्यांकरवी रस्त्यावर काढलं आणि भंगारवाल्याला फोन केला. दुकान आधुनिक करायचं म्हणजे नेमकं काय करायचं हे त्याला ठाऊक नव्हतं. वडिलांनी केलेलं उलटं करायचं एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं.

मी काउंटरवर होते. बाहेर पाहिलं तर पुठ्ठ्याची माणसाएवढी बाई गटाराच्या कडेला आडवी पडलेली. हातात केसांच्या तेलाची बाटली, गुडघ्यापर्यंत केस, आणि एक कुत्रं तिच्या पायाचा वास घेतंय. त्या अवस्थेतही ती हसत होती. मी फार हळवी बाई नाही. समोर माणूस रडत असला तरी मी आधी डॉक्टरांची चिठ्ठी वाचते. पण तिला तशी पडलेली बघवेना. मी बाहेर गेले, तिला उचललं, रिक्षात बसवलं आणि घरी घेऊन आले. बाकीचं सामान दुसऱ्या रिक्षाने आलं.

संध्याकाळी नवरा घरी आला, हॉलमध्ये उभ्या असलेल्या बाईला पाहून दचकला आणि म्हणाला, "पुरुषांनी दुसरी बाई घरात आणल्याचं ऐकलं होतं. बायकोने आणलेली पहिल्यांदाच बघतोय."

"तुमच्या बाबांच्या ओळखीची आहे," मी म्हटलं. "तुमच्या आधीपासून दुकानात आहे."

तर असा माझा छंद सुरू झाला. पुढच्या काही वर्षांत त्याने मागची खोली गिळली, मग गॅलरी, मग पाहुण्यांचा पलंग. पाहुणे कमी झाले, हा त्याचा एक फायदा. काडेपेटीचे छाप, साबणाची वेष्टनं, विडीच्या बंडलावरचे वाघ-सिंह, टुरिंग टॉकीजची हस्तपत्रकं, थंड पेयांच्या कंपन्यांचे पत्र्याचे ट्रे... जे जे लोक टाकत होते ते ते मी उचलत होते. गल्लीत मला आधी 'मेडिकलवाल्या वहिनी' म्हणत. पुढे मुलं 'डबा-बाटली वहिनी' म्हणायला लागली. पुण्याची माझी नणंद यायची आणि नाकाला पदर लावून म्हणायची, "वहिनी, घर आहे की गोडाऊन?" मग पुण्यात म्हणे असल्याच पत्र्या-डब्यांनी सजवलेली हॉटेलं निघाली आणि तिथे चहा आमच्या इथल्या जेवणापेक्षा महाग मिळायला लागला. तेव्हापासून ती नाकाचा पदर सोडून विचारते, "वहिनी, तो बामचा पत्रा आमच्या बाल्कनीत किती छान दिसेल, नाही?" आमचा भंगारवालाही शिकला. पूर्वी तो वजनकाट्यावर माल टाकायचा. आता त्याच मालावर फुंकर मारून हळू आवाजात सांगतो, "मॅडम, अँटिक आहे."

त्याच भंगारवाल्याने एकदा मला आमच्या रत्नागिरीजवळच्या मिरजोळ्याला बोलावून घेतलं. औद्योगिक वसाहतीतली एक जुनी शेड रिकामी होत होती. तिथे पूर्वी कधीतरी आंब्याच्या लाकडी पेट्या बनत, आणि कोपऱ्यात तेलकट पोत्याखाली लेबलांचं एक बंडल होतं. पूर्वी पेंढा घालून आंबे भरले की पेटीच्या बाजूला असं लेबल चिकटवून ती मुंबईला जायची. ज्या पेढीची ही लेबलं, ती पेढी माझ्या लग्नाच्याही आधी बंद पडलेली. मी सुतळी सोडली आणि वरचं लेबल उजेडात धरलं.

लेबलवर दहा-अकरा वर्षांची मुलगी होती. हिरवं परकर-पोलकं, दोन वेण्या, कपाळाला कुंकू. दोन्ही हातांत आंबा, तोंडाएवढा मोठा. मागे समुद्र, त्यात एक शिडाचं गलबत. मुलगी आपल्याकडे बघून हसतेय, पण हसण्यात किंचित शंका, जणू विचारतेय की हा खरंच मला खायचाय की विकायचाय? रंग एवढे ताजे की बोटाला लागतील असं वाटावं. मी बंडल छातीशी धरून घरी आले. नवऱ्याने पाहिलं आणि म्हणाला, "आंबे कुठायत?"

त्यानंतर शहरातल्या एका सांस्कृतिक मंडळाला माझा शोध लागला. त्यांचा दरवर्षीचा रांगोळी प्रदर्शनवाला आजारी होता आणि सभागृह आधीच घेऊन ठेवलेलं होतं. सेक्रेटरी घरी आले, पुठ्ठ्याच्या बाईला नमस्कार केला (चष्मा विसरले होते) आणि म्हणाले, "तुमच्या या संग्रहाचं प्रदर्शन करू. आपल्या मातीतला ठेवा आहे." मातीतला ठेवा म्हणजे त्यांनी नेमकं काय पाहिलं, मला कळलं नाही, पण मी हो म्हटलं. छंदी माणूस कोणीतरी विचारायचीच वाट बघत असतो.

दारावरचा मोठा फलक छापून आला. त्यावर आंबा धरलेली मुलगी, आणि वर ठळक अक्षरांत 'जुन्या जाहीरातींचे प्रदर्शन'. उद्घाटनाला आलेले प्रमुख पाहुणे स्वतःच्या बालपणावर बोलले, मग स्वतःच्या तरुणपणावर बोलले, आणि जाहिरातींपर्यंत पोचायच्या आत त्यांच्या गाडीची वेळ झाली. लोक मात्र आले. ज्यांनी आयुष्यभर हे सामान उकिरड्यावर टाकलं ते आता त्याच्यासमोर उभे राहून एकमेकांना सांगत होते, "हे आमच्याकडे होतं बघ!" आणि मग मान हलवून, "कुठे गेलं कोण जाणे." मला ठाऊक होतं कुठे गेलं ते. पण मी यजमान होते.

मूळ लेबल मी काचेखाली मधोमध लावलं होतं. खाली लिहिलं होतं : आंब्याच्या पेटीवरचं लेबल. चित्रकार अज्ञात. मुलगी अज्ञात. 'अज्ञात' हा शब्द मला फार आवडला होता. तो लिहिला की आपण संशोधक झाल्यासारखं वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडतंय तोच एक ताठ म्हाताऱ्या बाई काठी टेकत आत आल्या. कडक इस्त्रीची सुती साडी, चष्म्याला साखळी. माझा नवरा त्या वेळी खुर्चीत पाय पसरून पेपर वाचत होता. त्याने त्यांना पाहिलं आणि शाळेतल्या मुलासारखा ताडकन उभा राहिला. त्या त्याच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त होऊन जमाना झाला होता, पण हा अजून निवृत्त झालेला नव्हता.

"बस," बाई त्याला म्हणाल्या. "पेपर दुमडून ठेव. आणि बाहेर 'जाहिरात' चुकलंय. 'हि' ऱ्हस्व."

मग त्या माझ्याकडे वळल्या आणि काचेकडे काठी रोखून म्हणाल्या, "हेही चुकलंय. मुलगी अज्ञात नाही. ही मी आहे."

मी लेबलकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. त्यांनी माझी नजर पकडली.

"आमचे वडील त्या पेढीवर कारकून होते. एका संध्याकाळी लेबल घरी घेऊन आले, माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, 'बघ, तुझं चित्र काढून घेतलंय.' माझ्या उजव्या गालावर तीळ आहे. चित्रात पाहा."

मी वाकून पाहिलं. खरोखरच गालावर बारीकसा काळा ठिपका होता. इतकी वर्षं वेष्टनं गोळा केली, पण वेष्टनावरचं माणूस चालत येऊन माझं शुद्धलेखन तपासेल असं कधी वाटलं नव्हतं. मी बाईंना खुर्ची दिली, ती त्यांनी लेबलच्या शेजारी सरकवून घेतली, आणि पुढचे दिवस त्या तिथेच येऊन बसायला लागल्या. प्रदर्शनात आलेले लोक आधी चित्र बघत, मग बाईंना बघत, मग पुन्हा चित्र बघत. बाई मान थोडी डावीकडे वळवून बसत, म्हणजे उजवा गाल दिसावा.

त्या पहिल्याच संध्याकाळी मी घरी बंडलातली दहा-बारा लेबलं काढून पाहिली. तीळ काहींवर होता, काहींवर नव्हता. एका लेबलवर तो नाकावर होता. मी बंडल पुन्हा बांधून ठेवलं आणि नवऱ्याला काही बोलले नाही. त्याने शाळेत बाईंच्या हातचा मार खाल्ला होता. उगाच त्याच्या मनाला उभारी कशाला द्या.

स्थानिक वर्तमानपत्रात बातमी आली : 'पेटीवरची मुलगी सापडली.' फोटोही आला, लेबलचा आणि बाईंचा, शेजारी शेजारी. सेक्रेटरी खूश झाले. शेवटच्या दिवशी बाईंचा सत्कार ठरला.

सत्काराच्या दिवशी सभागृहासमोर मंडणगडहून एक जीप येऊन थांबली. मंडणगड आमच्याच जिल्ह्यात असलं तरी जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथून कोणी प्रदर्शन बघायला येत नाही, आणि आलं तर नक्की दुसरंच काही काम असतं. जीपमधून एक बारीकशी म्हातारी उतरली. काष्ट्याचं लुगडं, अनवाणी पाय. मागे तिची सून, आणि सुनेच्या मागे वाडीतली तीन-चार माणसं, मोर्चाला आल्यासारखी. सुनेच्या हातात वर्तमानपत्राचं कात्रण होतं.

म्हातारी सरळ काचेपाशी गेली. बराच वेळ बघत राहिली. मग पदराने काच पुसली, जी मी सकाळीच पुसली होती, आणि मला म्हणाली, "गो बाय, ही मी हाय."

खुर्चीतल्या बाई हळूच उभ्या राहिल्या. "आपण कोण?"

"मी हीच," म्हातारी लेबलवर बोट ठेवून म्हणाली. "माजा बापूस त्या शेटच्या बागेत गडी व्हता. पेट्या भरायचा. मुंबैस माल गेला की पावसाच्या आधी घरी यायचा. एका वर्साला ह्यो कागद आणलान न् मला दाखवलान. 'बघ गो, तुजाच फोटू काढून घेतलाय शेटनी.'"

"हा फोटो नाही. चित्र आहे," बाई म्हणाल्या. "आणि चित्रातल्या मुलीचे केस सरळ आहेत. तुमचे कुरळे दिसतात."

"त्याल लावलंवता."

"तुमच्या गालावर तीळ आहे?"

"तीळ नाय. पन परकर माजा हाय."

"परकर हिरवा होता हे तुम्हांला कसं आठवतं?"

"एकच व्हता," म्हातारी म्हणाली. "हिरवाच व्हता."

बाई पुन्हा खुर्चीत बसल्या. नवरा माझ्या कानाशी लागला, "अजून दोन-चार आल्या तर आपण डॉक्टरांसारखी नंबराची पद्धत सुरू करू."

सेक्रेटरींची मात्र पंचाईत झाली. सत्काराला शाल एकच आणलेली होती. ते माझ्याकडे आले, बाईंकडे गेले, मंडळाच्या अध्यक्षांना फोन केला आणि शेवटी कोकणी माणसाला साजेसा तोडगा काढला : शाल बाईंना, नारळ म्हातारीला. पुष्पगुच्छ चुकून सुनेच्या हातात गेला. भाषणात ते म्हणाले, "आज आपल्यात त्या मुलीपैकी दोघी उपस्थित आहेत." एका मुलीपैकी दोघी कशा, हे त्यांना कोणी विचारलं नाही. फोटोच्या वेळी बाई मधोमध उभ्या राहिल्या आणि म्हातारी कडेला. निघताना बाई मला म्हणाल्या, आणि म्हातारीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "असल्या गोष्टींत भावनेला अर्थ नसतो. पुरावा लागतो. तुम्ही छडा लावा आणि फलक दुरुस्त करा."

म्हातारीने जीपमध्ये बसायच्या आधी मला विचारलं, "ह्यो कागद एक देशील काय गो? आमचा वाळवीनं खाल्लान." मी तिला बंडलातलं एक लेबल दिलं. त्यावर तीळ नव्हता. तिने ते दोन्ही हातांनी धरलं, अगदी लेबलवरच्या आंब्यासारखं.

छडा लावायचा तर चित्रकार शोधायला हवा होता. हे काम मी अवघड समजत होते, कारण मी स्वतःच त्याला 'अज्ञात' म्हणून टाकलं होतं. नवरा जेवताना सहज म्हणाला, "त्या काळात रत्नागिरीत दुकानांच्या पाट्या आणि लेबलं एकच पेंटर काढायचा. आपल्या दुकानाची पहिली पाटी त्यानेच रंगवली. बाबांचा दोस्त. आता गुहागरकडे लेकीजवळ असतो."

"हे तुम्ही मला आज सांगताय?"

"तू कधी विचारलंस? तू तर सगळं भंगारवाल्याला विचारतेस."

पुढच्या रविवारी आम्ही जयगडला फेरीबोटीत गाडी घातली आणि पलीकडे उतरून गुहागरच्या रस्त्याला लागलो. लेकीचं घर नारळी-पोफळीच्या वाडीत होतं. पेंटर ओटीवर आरामखुर्चीत बसून सुपारी कातरत होते. नव्वदीला टेकलेले, पाठीचं धनुष्य झालेलं, पण हात अजून स्थिर. नवऱ्याने ओळख सांगितली. ते म्हणाले, "म्हणजे त्या औषधवाल्याचा मुलगा! तुझ्या बापाने माझ्या पाटीवर नंतर दुसऱ्या कोणाकडून रंग मारून घेतला. मी त्याच्याशी दोन वर्षं बोललो नव्हतो." मग माझ्याकडे बघून, "सूनबाई, तुमचा काही दोष नाही. बसा."

मी लेबल पुढे केलं. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ नेलं. चेहरा खुलत गेला.

"माझंच काम. मुंबईला छापायला दिलं तेव्हा छापखानावाल्याने निळ्याची वाट लावली. समुद्र असा नव्हता मी काढलेला. आणि हे ठिपके बघा, घाणेरडी छपाई. पण पोरीचे डोळे बघा. आहे का आज कोणाची टाप?"

"फार सुंदर आहेत," मी म्हटलं. "ही मुलगी कोण होती, आजोबा?"

"कुठली मुलगी?"

"ही. चित्रातली. कोणाला समोर बसवून काढलीत?"

ते हसायला लागले. हसता हसता खोकला आला, लेकीने पाणी आणून दिलं. मग त्यांनी सुपारी ज्यात ठेवत होते तो डबा उचलला, आतली खांडं पंचावर ओतली आणि डबा माझ्या हातात दिला. परदेशी बिस्किटांचा पत्र्याचा डबा. कडा गंजलेल्या, पण झाकणावरची मुलगी स्पष्ट दिसत होती. सोनेरी केस, निळा फ्रॉक, दोन्ही हातांत एक भलंमोठं बिस्किट. आणि तेच, अगदी तेच, शंका घेणारं हसू.

"एका बोटीवरच्या दोस्ताने आणून दिला होता," पेंटर म्हणाले. "शेट म्हणाला, गोड पोरगी पाहिजे, आणि उद्या पाहिजे. मी एका रात्रीत पोरगी कुठून आणू? हिचे केस काळे केले, वेण्या घातल्या, कुंकू लावलं, फ्रॉकचा परकर केला आणि बिस्किट काढून आंबा दिला. मागे जरा समुद्र टाकला. शेट खूश."

माझा नवरा तोंडावर हात ठेवून वाडीतल्या पोफळींकडे बघत उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते.

मी त्यांना दोघींची हकिगत सांगितली. कारकुनाची मुलगी आणि गड्याची मुलगी, दोघींच्या वडिलांनी सांगितलेलं. मला वाटलं ते पुन्हा हसतील. ते हसले नाहीत.

"मीच सांगितलं होतं त्यांना," ते म्हणाले.

"काय?"

"लेबलं आली तेव्हा मी पेढीवर बसलो होतो. जो तो येऊन बघायचा. आधी तो कारकून आला. मोठा रागीट माणूस, कधी हसायचा नाही. लेबल हातात घेतलं आणि मला म्हणतो, 'आमच्या मुलीसारखी दिसते हो.' आता काय बोलणार? मी म्हटलं, तिच्यावरूनच काढली, देवळात बघितली होती. कोणाला बोलू नका. मग एक गडी आला, त्याचंही तेच. मग हमाल, मग तो नावाडी... ज्याला म्हणून मुलगी होती, तो लेबल बघून मला हेच विचारायचा. कोणाला नाही म्हणू? सगळ्यांना हो म्हटलं. नावाड्याने तर मला ताजे बांगडे आणून दिले."

"म्हणजे अशा किती जणी असतील?"

"देवाला ठाऊक," ते म्हणाले, आणि सुपारी पुन्हा डब्यात भरायला लागले.

संग्राहकाची लाज निराळ्याच जागी असते. एवढं सगळं ऐकूनही माझी नजर त्या डब्यावरून हटत नव्हती. मी चाचरत विचारलं, "आजोबा, हा डबा..." त्यांनी तो मांडीवर घट्ट धरला. "तुमच्या सासऱ्यांनी पाटी नीट ठेवली असती तर दिला असता."

परतीच्या फेरीबोटीत मी कठड्याशी उभी राहिले. प्रदर्शनभर मी त्या कागदाला कला म्हटलं होतं, छपाईचा नमुना म्हटलं होतं, काचेखाली घातलं होतं. आणि तो कागद अंगरख्याच्या खिशात घडी करून घरी नेणारे बाप मला आता दिसत होते. एक रत्नागिरीत, चाळीच्या जिन्यावर चपला काढतोय. दुसरा मंडणगडच्या डोंगरात, पोतं डोक्यावर घेऊन चढ चढतोय. मला जरा भरून आलं. नवरा शेजारी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आता बाईंना तू सांगणार की मी? मी नाही सांगणार."

मीच गेले. बाईंच्या घरी सगळं जागच्या जागी होतं, घड्याळसुद्धा भिंतीवर काटकोनात. मी सगळं सांगितलं, काहीही न लपवता, कारण त्यांच्यासमोर लपवायची हिंमत होत नाही. बिस्किटांचा डबा, सोनेरी केस, पेंटरने वाटलेले होकार.

"आणि तीळ?" शेवटी त्यांनी विचारलं.

"छपाईतला डाग, बाई."

त्यांनी चष्मा काढला, साखळीवर सोडला.

"वडील आमच्याशी बोलत नसत," त्या म्हणाल्या. "पेढीवरून यायचे, जेवायचे, झोपायचे. मार्क पाहायचे आणि सही करायचे. मला उद्देशून ते आपणहून बोललेलं एवढं एकच वाक्य मला आठवतं. 'बघ, तुझं चित्र काढून घेतलंय.'" चष्मा पुन्हा लावून त्यांनी विचारलं, "मंडणगडच्या त्या बाईंना कळवलंत?"

"अजून नाही."

"कळवू नका. मला त्यांच्याकडे घेऊन चला. त्या दिवशी मी त्यांच्याशी बरी वागले नाही."

त्यामुळे एका सकाळी माझा नवरा आपल्या मुख्याध्यापिकांना मागच्या सीटवर बसवून मंडणगडला निघाला. रस्ताभर त्याने एकदाही हॉर्न वाजवला नाही, एकदाही कोणाला शिवी दिली नाही. इतकी सुरक्षित गाडी त्याने लग्नानंतर मलाही कधी चालवून दाखवली नव्हती. बाईंनी वाटेत त्याला एकच प्रश्न विचारला, "भूगोलात किती मार्क होते तुला?" आणि दोनदा रस्ता चुकल्यावर मान हलवली.

म्हातारीची वाडी डोंगराच्या पोटाशी होती. दोन्ही मुलगे मुंबईला, घरात ती आणि सून. आम्हांला बघून तिची धांदल उडाली. घोंगडी अंथरली, पाणी आलं, गूळ आला. समोरच्या भिंतीवर तिने लेबल फ्रेम करून लावलं होतं, नवऱ्याच्या फोटोशेजारी. फ्रेमला झेंडूचं फूल खोचलेलं. बाई उठून फ्रेमपाशी गेल्या आणि पाठमोऱ्या उभ्या राहिल्या.

म्हातारी त्यांच्या पाठीकडे बघत म्हणाली, "बाई, एक बोलू? रागवाल नाय?"

"बोला."

"तुमी शिकल्यासवरल्या. तुमी खोटं कशाला सांगाल? म्या घरी येऊन लई इचार केला. माजा बापूस गोडबोल्या व्हता. आमाला खाऊ आणायला जमायचा नाय, तर असलं कायबाय सांगायचा. माजं मन राखायला सांगितलान असंल. ती पोरगी तुमीच असाल."

सून भाकरी थापता थापता थांबली. मी नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने जमिनीकडे. आता काय करायचं ते मला समजेना. चाळीस वर्षं वर्गात उभं राहून मुलांकडून 'नेहमी खरे बोलावे' फळ्यावर लिहून घेतलेल्या बाईंसमोर हा प्रश्न होता.

बाई वळल्या.

"आम्ही चित्रकाराला शोधून काढलं," त्या म्हणाल्या. आवाज वर्गातला, खणखणीत. "त्याला स्पष्ट विचारलं. त्याने सांगितलं, ही मंडणगडच्या गड्याची मुलगी आहे. परकर हिरवा होता, हेही त्याला आठवत होतं. माझ्या वडिलांचा काहीतरी गैरसमज झाला असावा."

म्हातारी पदर तोंडाला लावून तशीच बसली. मग उठून आत गेली, आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा तिच्या हातात एक भलामोठा भोपळा होता. तो तिने बाईंच्या मांडीवर ठेवला. "आमच्या परसातला हाय. घेतल्याबिगर जायाचं नाय."

"मी एकटी आहे. एवढा मोठा भोपळा मी काय करू?" बाई म्हणाल्या, पण भोपळा त्यांनी खाली ठेवला नाही.

जेवूनच निघावं लागलं. कुळथाची पिठी आणि तांदळाची भाकरी. बाईंनी दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि म्हातारीला, "तुम्ही मला अगं म्हणा, आपण एका वयाच्या आहोत," असं सांगितलं. म्हातारीला ते काही जमलं नाही. ती बाईंना शेवटपर्यंत 'बाई'च म्हणत राहिली, पण त्यांचा हात धरून गाडीपर्यंत सोडायला आली.

आम्ही घाट उतरलो. बाई मागे भोपळा धरून ताठ बसलेल्या. नवऱ्याला राहवेना. त्याने आरशात बघत, शाळा सुटल्यानंतर पहिल्यांदाच एवढं धाडस करून विचारलं, "बाई, तुम्ही चक्क..."

"समोर बघ," बाई म्हणाल्या. "म्हैस आहे."

आणि खरंच होती.